एकदा सही, मग हुकूम : प्रादेशिक सेना, होमगार्ड आणि युद्धकाळातले बोलावणे

7 मे 2025 रोजी देशातल्या 244 नागरी संरक्षण जिल्ह्यांत एकाच दिवशी सराव झाला. त्या यादीत बडोदे पहिल्या श्रेणीत होते. दिवसा भोंगे वाजले, संध्याकाळी ठरलेल्या वेळेत दिवे मालवले गेले. दोनच दिवसांत बातमी आली, की प्रादेशिक सेनेला बोलावण्याचे अधिकार केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना दिले आहेत. मग घरोघरी प्रश्न सुरू झाले. आमचा मुलगा टेरिटोरियलमध्ये आहे, त्याला जावेच लागेल का? जावई रेल्वेत आहेत, त्यांना सक्तीने नेतील का? कॉलेजात एनसीसी केलेल्या मुलीचे काय? होमगार्डच्या गणवेशात गणपतीच्या मिरवणुकीला उभे राहणारे शेजारचे काका सीमेवर जाणार का?

त्या दिवसांत यांची उत्तरे कोणी कशीही देत होते. गोरवा परिसरातील आपल्या मराठी कुटुंबांत कोयलीच्या रिफायनरीत, रेल्वेत, वीज कंपनीत, बीआयडीसीतल्या कारखान्यांत काम करणारे बरेच जण आहेत आणि प्रत्येकाला लागू होणारा नियम वेगळा आहे. म्हणून ही माहिती एका ठिकाणी दिली आहे. अर्धवेळ स्वयंसेवक सैनिक म्हणजे काय, त्याला युद्धात कोण आणि कसे बोलावते, त्याची नोकरी राहते का, आणि खरी सक्ती कुठे आहे, हे या लेखात पाहू.

सक्तीची भरती आपल्याकडे आहे का?

सरसकट सक्तीची लष्करभरती भारतात नाही आणि कधी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य 25 लाखांपर्यंत वाढले तेही स्वेच्छेने भरती झालेल्यांचे. गंमत अशी, की या भूमीवर सक्ती झाली ती गोऱ्यांवर. 1917 च्या भारतीय संरक्षण दल कायद्याने इथल्या युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांना सेवा सक्तीची केली आणि भारतीयांसाठी मात्र तीच सेवा ऐच्छिक ठेवली. 1940 मध्ये युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांसाठी पुन्हा तसाच कायदा झाला. भारतीयांवर त्या युद्धात सक्ती आली ती वेगळ्या वाटेने. 1940 च्या तांत्रिक मनुष्यबळविषयक वटहुकमाने फिटर, टर्नर, मशिनिस्ट अशा कुशल कारागिरांना युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काम करायला लावण्याची सोय सरकारने करून घेतली. बंदूक नव्हे, लेथ. गोरव्याच्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्या कोणालाही यातला मुद्दा लगेच कळेल. युद्धात कुशल हाताची गरज बंदूकधाऱ्याइतकीच असते. 1971 च्या युद्धानंतर संसदेने 1972 मध्ये राष्ट्रीय सेवा कायदा केला, तोही डॉक्टर आणि अभियंते यांच्यासाठीच.

राज्यघटनेत मात्र सक्तीला बंदी नाही. वेठबिगारीला मनाई करणाऱ्या कलम 23 मध्येच सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला ठेवली आहे. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने आलेल्या मूलभूत कर्तव्यांत, बोलावणे आल्यास राष्ट्रसेवा करणे हेही एक आहे. म्हणजे दार आहे, ते सरसकट कधी उघडलेले नाही इतकेच. ते थोडेसे जिथे उघडे आहे ती जागा म्हणजे प्रादेशिक सेना.

प्रादेशिक सेना

आपण सगळे तिला टीए म्हणतो. 1948 च्या प्रादेशिक सेना कायद्याने ती उभी राहिली आणि 9 ऑक्टोबर 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचे उद्घाटन केले. 9 ऑक्टोबर हा अजूनही तिचा स्थापनादिन. त्याच वर्षी 1 मे रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले होते.

कल्पना सोपी आहे. माणूस आपला नोकरीधंदा सांभाळतो, वर्षातले काही दिवस लष्करी प्रशिक्षण घेतो आणि गरज पडली की गणवेश चढवून हजर होतो. अधिकाऱ्यांसाठी वर्षाला साधारण दोन महिन्यांचे प्रशिक्षण धरलेले असते. अधिकारी व्हायचे तर पदवी हवी, वय 18 ते 42 मध्ये हवे आणि पोटापाण्याचा स्वतःचा व्यवसाय किंवा नोकरी हवी. ही शेवटची अट अनेकांच्या लक्षात येत नाही. टीए ही बेकारीवरची योजना नाही, ज्याचे चरितार्थाचे साधन आधीच आहे त्याच्यासाठी ती आहे.

मराठी माणसाला ही पद्धत परकी वाटू नये. स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. पावसाळ्यात शेत, दसऱ्याला सीमोल्लंघन, मग मोहीम असे ते वर्ष असे. गायकवाडांच्या फौजेतही शिलेदारी होती. शिलेदार आडनावाच्या घरात विचारले तर आजोबा-पणजोबांची एखादी हकिगत अजून मिळते. फरक इतकाच, की शिलेदार घोडा मेला तर स्वतःच्या खिशातून दुसरा घेई. टीएच्या जवानाला हत्यार, गणवेश आणि बोलावणे असेल त्या काळाचा पगार लष्कर देते.

आपल्या लोकांशी जवळच्या पायदळ बटालियन म्हणजे पुण्याची 101 आणि कोल्हापूरची 109, दोन्ही मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेल्या. भुसावळला ग्रेनेडियर्सशी संलग्न 118 आहे, देवळालीला पॅराशूट रेजिमेंटशी संलग्न 116 आहे आणि बेळगावला महार रेजिमेंटशी संलग्न 115. दक्षिण कमांडचे टीए गट मुख्यालय पुण्यात आहे. गुजरातमधल्या उमेदवाराचा संबंध बहुधा तिथेच येतो, म्हणून बडोद्याच्या मुलांना भरतीसाठी महाराष्ट्रात जावे लागते.

पायदळाखेरीज खात्यांच्या तुकड्या असतात. रेल्वे, तेल आणि पूर्वी टपाल-तार, बंदरे, रुग्णालये अशा क्षेत्रांतले कर्मचारीच त्यांत असतात. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर येईल, कारण गोरव्याच्या दृष्टीने लेखाचा तोच भाग महत्त्वाचा आहे.

क्रिकेटपटूंविषयीही अनेकजण विचारतात. महेंद्रसिंग धोनी याला 2011 मध्ये आणि त्याआधी कपिल देव यांना 2008 मध्ये लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा मिळाला तो मानद. धोनीने 2019 च्या उन्हाळ्याअखेर काश्मीरमध्ये आपल्या बटालियनसोबत पंधरवडा घालवला तो स्वतःहून. सचिन पायलट मात्र निवडप्रक्रियेतून जाऊन 2012 मध्ये रीतसर टीए अधिकारी झाले. मानद हुद्दा आणि नोंदणी यांत हा फरक आहे. ज्याच्या नावावर नोंदणी आहे, त्यालाच बोलावणे येते.

बोलावणे आले म्हणजे काय होते

कायद्याच्या कलम 7 मध्ये टीएच्या माणसाला कामावर घेण्याचे तीन मार्ग आहेत. नागरी प्रशासनाच्या मदतीला किंवा महत्त्वाच्या ठिकाणच्या पहाऱ्याला बोलावणे हा पहिला. प्रशिक्षणासाठी किंवा नियमित सैन्याला जोड म्हणून अख्खी तुकडी उभी करणे हा दुसरा. याला लष्करी भाषेत एम्बॉडी करणे म्हणतात आणि टीएच्या घरांत 'एम्बॉडी झालो', 'डिसएम्बॉडी झालो' असेच बोलतात. एखाद्याला नियमित सैन्याच्या तुकडीला जोडून देणे हा तिसरा. भारताबाहेर पाठवायचे असेल तर केंद्र सरकारचा वेगळा हुकूम लागतो.

मे 2025 ची बातमी होती ती या तरतुदींपैकीच एक. 1948 च्या नियमांतील नियम 33 खाली, गरजेनुसार टीएचे अधिकारी व जवान बोलावण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना देणारी अधिसूचना 6 मे रोजी निघाली. तीत 32 पायदळ बटालियनपैकी 14 बटालियन देशभरातल्या कमांडच्या क्षेत्रांत तैनात करण्याविषयी म्हटले होते. तिची मुदत 10 फेब्रुवारी 2025 ते 9 फेब्रुवारी 2028. सुरुवातीची तारीख मे नव्हे, फेब्रुवारी आहे हे पाहावे. त्या आठवड्यातल्या तणावाचा आणि अधिसूचनेचा संबंध लोकांनी लावला, पण कागदावर हा तीन वर्षांचा बंदोबस्त होता. संरक्षण खात्याव्यतिरिक्त दुसऱ्या मंत्रालयाच्या मागणीवरून तुकडी उभी राहिली तर खर्च त्या मंत्रालयाने सोसायचा, हेही त्यात होते.

आता लेखाच्या मथळ्याकडे येऊ. टीएत नाव घालणे ऐच्छिक आहे. त्यानंतरचे काहीही ऐच्छिक नाही. एरवी टीएचा जवान हा नागरिक असतो. कामाला उशीर झाला तर मालक रागावेल इतकेच. बोलावण्याचा हुकूम लागू झाल्या क्षणापासून कलम 9 प्रमाणे 1950 चा आर्मी ॲक्ट त्याला लागू होतो. त्यानंतर न येणे म्हणजे गैरहजेरी किंवा पळून जाणे, आणि त्याचा निवाडा लष्करी कायद्याने होतो. 'मी तर स्वयंसेवक आहे' हे उत्तर तिथे चालत नाही.

कलम 8 तर बहुतेकांनी वाचलेलेच नसते. नोंदणीची ठरलेली मुदत संपली की जवानाला सेवामुक्त होण्याचा हक्क आहे. परंतु मुदत संपताना तो बोलावण्यावर असेल तर ती सेवा संपेपर्यंत त्याला सुटता येत नाही. म्हणजे युद्धाच्या ऐन मध्यावर मुदत भरली तरी घरी येणे हुकमावर अवलंबून. सक्तीची भरती नसलेल्या देशात सक्तीला सर्वांत जवळची गोष्ट ही आहे. घरच्यांनी मुलाच्या सहीआधी हे कलम वाचावे असे मला वाटते. भरती जाहिरातीत ते मोठ्या अक्षरांत कधी दिसत नाही.

1962, 1965 आणि 1971 या तिन्ही युद्धांत टीएच्या तुकड्या उभ्या केल्या गेल्या. हवाई हल्ल्यांपासून विमानतळ आणि महत्त्वाची ठिकाणे राखणाऱ्या विमानवेधी तोफांवर टीएची माणसे होती. 1965 मध्ये गुजरातचा समुद्र आणि आकाश दोन्ही युद्धक्षेत्रात आले. 7 सप्टेंबरच्या रात्री द्वारकेवर पाकिस्तानी नौदलाने तोफा डागल्या. 19 सप्टेंबरला मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचे विमान कच्छमध्ये पाडले गेले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. कोयलीच्या रिफायनरीचे पहिले युनिट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाले, म्हणजे युद्धविराम होऊन महिनाही झाला नव्हता. पुढचे युद्ध आले तेव्हा मात्र बडोद्याच्या अंगणात तेल आले होते. आज सरावाच्या यादीत आपले शहर पहिल्या श्रेणीत दिसते ते यामुळेच आश्चर्याचे नाही.

कलम 6-अ आणि सरकारी नोकरी

जावयाच्या रेल्वेतल्या नोकरीचा जो प्रश्न वर आला त्याचे उत्तर 1956 च्या दुरुस्तीत आहे. त्या वर्षी कायद्यात कलम 6-अ घातले गेले. सरकारी नोकरीत किंवा सार्वजनिक सेवेत असलेली, 20 वर्षे पूर्ण झालेली पण 40 पूर्ण न झालेली व्यक्ती, मागणी झाल्यास टीएत सेवा करण्यास बांधील आहे, असे ते म्हणते. सार्वजनिक सेवा म्हणजे वीज, प्रकाश, गॅस, पाणी पुरवणारे, सार्वजनिक वाहतूक चालवणारे आणि स्वच्छतेची व्यवस्था सांभाळणारे उपक्रम. इथे सहीचा प्रश्नच येत नाही. नोकरी हीच सही.

मात्र हे कलम आपोआप कोणाच्या दारात येत नाही. ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याने गरज पाहून माणसे मागवायची असतात आणि मागवताना वय, शारीरिक क्षमता, शिक्षण, अनुभव आणि त्या माणसाचे सध्याचे काम किती आवश्यक आहे, हे सगळे विचारात घ्यायचे असते. वीजकेंद्रातला पाळीप्रमुख उचलून पहाऱ्यावर उभा केला तर केंद्रच बंद पडेल, एवढी समज कायद्याने ठेवली आहे. व्यवहारात खात्यांच्या तुकड्या इच्छुकांतूनच भरल्या जातात. तेव्हा बीआयडीसीतल्या खासगी कारखान्यात काम करणाऱ्याने 6-अ ची चिंता करू नये. सरकारी किंवा अशा सेवेतल्या तरुणाने घाबरू नये, पण 'असा कायदाच नाही' असेही म्हणू नये.

तेलाच्या तुकड्या बडोद्यासाठी जवळच्या. तेल क्षेत्रातल्या तीन टीए तुकड्या आहेत. वितरणासाठी 414 आर्मी सर्व्हिस कोर बटालियन, रिफायनरी आणि पाइपलाइनसाठी 801 इंजिनियर रेजिमेंट आणि ओएनजीसीसाठी 811 इंजिनियर रेजिमेंट. शेवटची आपल्याच शहरातली. या तुकड्यांतील माणसे सार्वजनिक तेल कंपन्यांचे कर्मचारी. युद्धात, घातपातात किंवा काम बंद पडल्यास तेलाचा प्रवाह चालू ठेवणे हे त्यांचे काम. त्यांना डोंगरावर चढायचे नसते. जी झडप ते रोज फिरवतात तीच, पण हुकमाखाली, फिरवायची असते.

रेल्वे, 1974

'काम बंद पडल्यास' हे शब्द वर सहज आले, पण त्यांच्यामागे एक कडू आठवण आहे. रेल्वेच्या टीए रेजिमेंट युद्धासाठी होत्या, म्हणजे सैन्य आणि दारूगोळा घेऊन गाड्या धावत राहाव्यात यासाठी. 8 मे 1974 रोजी जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभर रेल्वे संप सुरू झाला. तो 27 मे पर्यंत चालला. गाड्या चालू ठेवण्यासाठी सरकारने रेल्वेतल्या टीए तुकड्या बोलावल्या.

यात अडकलेल्या माणसाची अवस्था कल्पून पाहावी. तो फायरमन आहे, युनियनचा सभासद आहे, बोनसची मागणी त्याचीही आहे. काही वर्षांपूर्वी त्याने टीएत नाव घातले ते देशासाठी किंवा गणवेशाच्या ओढीने. आता हुकूम आला. न आला तर लष्करी कायदा, आला तर वस्तीतले सहकारी पुढचे कित्येक महिने बोलणार नाहीत. रेल्वे कॉलन्यांमध्ये अशा घरांना काय ऐकावे लागले असेल हे वेगळे सांगायला नको. कायद्याच्या शब्दांत यात काही चूक नव्हती. नागरी प्रशासनाला मदत हा कलम 7 चा पहिलाच मार्ग आहे. पण शत्रूविरुद्ध केलेली सही शेजाऱ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते हे त्या मे महिन्यात अनेकांना पहिल्यांदा कळले. माझ्या मते खात्याच्या टीएत जाणाऱ्याने युद्धापेक्षा याचाच आधी विचार करावा, कारण युद्धे क्वचित होतात.

अलीकडे रेल्वेच्या सहापैकी पाच टीए रेजिमेंट मोडण्याचा निर्णय झाला आहे. बिहारमधल्या जमालपूरची तेवढी ठेवली आहे.

नोकरी राहते का?

राहायला हवी, असे कलम 7-अ म्हणते. बोलावण्यामुळे कामावरून गेलेल्या माणसाला सेवा संपल्यावर मालकाने परत घेतले पाहिजे, आणि खंड पडला नसता तर जशा अटी मिळाल्या असत्या त्याहून कमी नसलेल्या अटींवर घेतले पाहिजे. खासगी मालकालाही हे लागू आहे. भविष्य निर्वाह निधीसारखे हक्क शाबूत ठेवण्याची सोय कलम 7-ब मध्ये आहे. बोलावण्याच्या काळातला पगार लष्कर देते, त्या हुद्द्याच्या नियमित सैनिकाइतका. मालकाने त्या काळात आपला पगारही चालू ठेवावा, असे 7-अ सांगत नाही.

मालकाने नकार दिला तर प्रकरण ठरवून दिलेल्या अधिकाऱ्यापुढे जाते. तो मालकाला सूट देऊ शकतो, परत घ्यायला लावू शकतो किंवा भरपाई द्यायला लावू शकतो. भरपाईची कमाल मर्यादा सहा महिन्यांच्या पगाराइतकी. इथे कायदा तोकडा पडतो. दोन वर्षे सीमेवर काढून आलेल्या टर्नरची जागा भरली गेली असेल, मशीन बदललेली असेल, तर सहा महिन्यांच्या पगारावर मालक मोकळा होऊ शकतो. मोठ्या कंपनीत किंवा सरकारी नोकरीत हा धोका नगण्य आहे. पाच-सात माणसांच्या वर्कशॉपमध्ये तो खरा आहे आणि तिथे मालकालाही दोष देऊन भागत नाही. म्हणून नोंदणीपूर्वीच मालकाला लेखी कळवून पोच घ्यावी आणि बोलावण्याच्या हुकमाची प्रत देऊन तिचीही पोच घ्यावी. तोंडी 'जा, मी बघतो' यावर विसंबू नये.

निवृत्तिवेतनाबाबत गैरसमज फार आहेत. टीएत नाव आहे म्हणून पेन्शन मिळत नाही. प्रत्यक्ष बोलावण्यावरची एकूण सेवा जवानाची 15 आणि अधिकाऱ्याची 20 वर्षे भरावी लागते. तुकडी कधी उभी, कधी घरी, अशा तुटक सेवेत ती भरत नाही, ही अनेक जवानांची जुनी व्यथा आहे.

होमगार्ड आणि नागरी संरक्षण

शेजारच्या काकांना सीमेवर पाठवणार नाहीत. होमगार्ड हे सैन्य नव्हे, पोलिसांना जोड देणारे स्वयंसेवक दल आहे. ते मुंबई प्रांतात 6 डिसेंबर 1946 रोजी, दंगलींच्या काळात, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना सुरू झाले आणि 1947 मध्ये त्याचा कायदा झाला. 1960 मध्ये राज्ये वेगळी झाली तरी महाराष्ट्र आणि गुजरात दोघांनीही तोच कायदा पुढे चालवला. नावातला 'मुंबई' शब्द तेवढा गेल्या काही वर्षांत दोन्हीकडे बदलला. त्यामुळे नाशिकच्या आणि बडोद्याच्या होमगार्डचा कायदेशीर पाया एकच आहे. कामावर असताना त्याला पोलिसासारखे अधिकार व संरक्षण असते आणि बोलावल्यावर कारणाशिवाय कामात कसूर केली तर शिक्षाही आहे. मोबदला म्हणून कामाच्या दिवसांचा भत्ता मिळतो. सीमेलगतच्या भागासाठी मात्र गुजरातमध्ये सीमा होमगार्डच्या वेगळ्या तुकड्या आहेत, त्यांचे काम सीमा सुरक्षा दलाला मदत करण्याचे. शहरी होमगार्डशी त्यांची गल्लत करू नये.

नागरी संरक्षण दल 1968 च्या कायद्याखाली येते. तो कायदा 1965 च्या युद्धानंतरचा. भोंगे, अंधार, आग विझवणे, जखमींना हलवणे ही त्याची मूळ कामे. 2010 पासून आपत्ती व्यवस्थापनही त्याच्याकडे आले. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, लष्कराच्या तुकड्यांना बोलवावे लागले, तेव्हा प्रशिक्षित स्वयंसेवक मोहल्ल्यात असणे म्हणजे काय हे आपण सर्वांनी पाहिले. ज्यांना टीएची बांधिलकी झेपणारी नाही पण काही करावेसे वाटते त्यांच्यासाठी, स्त्रियांसह, ही जागा योग्य आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातून चौकशी होते.

कायद्याच्या कोणत्याही यादीत नसलेल्यांनीही काम केल्याचे उदाहरण गुजरातेतच आहे. 1971 मध्ये भुजची धावपट्टी बॉम्बहल्ल्यात उखडली तेव्हा माधापर गावच्या सुमारे 300 स्त्रियांनी ती तीन दिवसांत दुरुस्त केली. त्यांना कोणत्या कलमाखाली बोलावले नव्हते.

एनसीसीबद्दल थोडक्यात. कॅडेटवर प्रत्यक्ष लष्करी सेवेची कोणतीही कायदेशीर जबाबदारी नाही, 'सी' प्रमाणपत्र असले तरी नाही. माजी सैनिकांची गोष्ट वेगळी. निवृत्तीनंतर काही काळ राखीव यादीत राहण्याची अट त्यांच्या सेवेच्या कागदांतच असते, ती तिथे पाहावी.

इतरांकडे

स्वयंसेवकाची सही नंतर सक्तीत बदलणे हा प्रकार जुना आहे. ब्रिटनची टेरिटोरियल फोर्स 1908 मध्ये केवळ मायदेशाच्या रक्षणासाठी उभी राहिली. 1914 मध्ये युद्ध पेटल्यावर त्या माणसांना परदेशी जायला तयार आहात का, असे विचारले गेले. जे तयार झाले त्यांतल्या अनेक तुकड्या हिंदुस्थानात आल्या, इथल्या नियमित गोऱ्या पलटणी युरोपात पाठवता याव्यात म्हणून. जे 'नाही' म्हणाले त्यांची मुभा 1916 च्या सक्तीच्या कायद्याने काढून घेतली. आपल्या 1948 च्या कायद्यात भारताबाहेरच्या सेवेसाठी केंद्राचा वेगळा हुकूम ठेवला आहे तो त्यामानाने सौम्य, पण तिथेही जवानाची संमती विचारलेली नाही.

इस्राएलने ऑक्टोबर 2023 मध्ये तीन लाखांहून अधिक राखीव सैनिक बोलावले. पण तिथे मुळात तरुणपणीची सेवाच सक्तीची असते, त्यामुळे टीएशी त्याची तुलना नीट बसत नाही.

जखमी झाल्यास

शेवटी एक न्यायालयीन निकाल, कारण त्याने अनेक घरांचा प्रश्न सोडवला. नियमित सैन्यात सुमारे 25 वर्षे काढून एक जवान टीएच्या पर्यावरण बटालियनमध्ये पूर्णवेळ दाखल झाला. 2009 मध्ये रजेच्या काळात अपघात होऊन त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत कापावा लागला. अपंगत्व 80 टक्के ठरले आणि त्याला सेवेतून मोकळे केले. अपंगत्व निवृत्तिवेतन मात्र नाकारले. कारण काय, तर दाखल होताना त्याने वाढीव निवृत्तिवेतन मागणार नाही अशा कागदावर सही केली होती.

डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. टीएची सेवाही लष्करी सेवाच आहे आणि एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला नोकरी हवी असलेला जवान अशा असमान स्थितीत घेतलेली सही त्याचा हक्क हिरावू शकत नाही, असे म्हणून त्याला निवृत्तिवेतन देण्याचा आदेश दिला. अपघात आणि अंतिम निकाल यांच्यात बारा वर्षे गेली.

आपल्या घरातले कोणी टीएत असेल तर नोंदणीचा फॉर्म, त्या वेळी सही केलेले प्रत्येक प्रमाणपत्र, प्रत्येक वेळच्या एम्बॉडी आणि डिसएम्बॉडी हुकमाची तारखेसह प्रत आणि वैद्यकीय तपासणीचे कागद एका फाइलमध्ये ठेवावेत. ती फाइल त्याच्या ट्रंकेत न ठेवता घरी ठेवावी, आणि ती कुठे आहे हे पत्नीला किंवा आई-वडिलांना माहीत असावे.